हातचा रंग

थोरलीच्या मनगटावरचं घड्याळ नऊ वर्षांपूर्वी सव्वाचार वाजता बंद पडलं, ते पडलंच. तिने ते दुरुस्तीला दिलं नाही आणि काढूनही ठेवलं नाही. रुंद तपकिरी चामड्याचा पट्टा, मोठी तबकडी, आणि तीही मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेली. कारखान्यात त्यावरून रोज एक तरी विनोद ठरलेला. साचेवाला सकाळी आत पाऊल टाकता टाकता विचारायचा, "मोठ्या ताई, किती वाजले?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "सव्वाचार! चला, आवरायला घ्या." भाची म्हणायची, मावशी म्हातारी व्हायचीच नाही, तिची वेळच पुढे सरकत नाही. थोरली हसून सोडून द्यायची. जो हसतो तो फारसं विचारत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

कारखाना हे आपलं म्हणायचं. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत साच्यांच्या फळ्या आणि हवेच्या दाबाचं भांडं. दुसरीत लांब टेबल, उत्तरेची खिडकी आणि ओतलेले भाग पक्के करायचं गरम कपाट. इथे दोघी बहिणी बावीस वर्षं बाहुल्या करत होत्या. पोरांनी आपटायच्या बाहुल्या नव्हेत. हातभर उंचीच्या, मनगट-घोट्यापर्यंत सांधे असलेल्या, काचेच्या कपाटात ठेवायच्या. मोठी माणसं त्या हौसेने घेत आणि घरातल्या लहान मुलांना हात लावू देत नसत. धाकटी मातीत चेहरा घडवायची. तिच्या बोटांत कसब होतं, त्याबद्दल खोटं कशाला बोला. साचेवाला त्या मातीवरून रबरी साचा काढायचा, साच्यात रेझिन ओतायचा, आणि बाहुली जोडून झाली की धाकटी तिच्या डाव्या तळपायावर सुईने आपली सही कोरायची.

रंग थोरलीचा. त्याची सही कुठेच नव्हती.

आता कुणी म्हणेल, रंगाचं काय एवढं कौतुक? फासला की झालं. पण या बाहुल्यांना रंग वरून फासत नाहीत. कातडीचा रंग ओतण्याआधीच रेझिनमध्ये मिसळावा लागतो, म्हणजे बाहुली मोडली तरी आतून तोच निघतो. रेझिनचे दोन डबे. दुसऱ्या डब्यातल्या पातळ द्रवात थेंब थेंब रंग घालायचा: पांढरा, पिवळा, तांबडा, तपकिरी, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढाच निळा. मग पहिल्या डब्यातलं त्यात ओतलं की चार मिनिटांत सगळं घट्ट व्हायला लागतं. आणि गंमत अशी की भांड्यात दिसतो तो रंग बाहुलीचा नसतोच. ओलं असताना ते पातळ चहासारखं दिसतं, घट्ट झालं की एकदम फिकटतं. "ओला रंग खोटं बोलतो," थोरली म्हणायची. म्हणून ती आधी बाटलीच्या झाकणात चमचाभर ओतून एक बटण काढायची, ते पक्कं होऊ द्यायची, खिडकीशी नेऊन बघायची, आणि मग भांड्यात अजून अर्धा थेंब हे, पाव थेंब ते. कधी तीन बटणं लागत, कधी अकरा.

कारखान्याचे रंग पाच होते. चार कुणीही करील असे. खपायचा तो क्रमांक तीन. लोक सहा सहा महिने थांबून क्रमांक तीनच मागत. त्यांना तो रंग बघून काय होई ते त्यांनाच सांगता येत नसे. "जिवंत वाटते," एवढंच म्हणत आणि श्रेय चेहऱ्याला देत.

क्रमांक तीन कुठून आला ते एकट्या थोरलीला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी कारखाना नव्हता, स्वयंपाकघरातलं टेबल होतं. धाकटीने पहिला चेहरा घडवला होता आणि बाजारातला तयार रंग घालून ओतला तर पोरगी बादलीच्या प्लॅस्टिकची दिसायला लागली. धाकटी रडकुंडीला आली. थोरलीने तिला झोपायला पाठवलं आणि सकाळी उठून एकटीच रंग कालवत बसली. जुळवायला समोर काहीतरी हवं म्हणून तिने बाही मागे सारली. हात उन्हाने रापलेला. मग घड्याळ काढलं. पट्ट्याखाली तीन बोटं रुंद एक पट्टी होती. कॉलेजपासून त्या जागेने ऊन पाहिलं नव्हतं. चामड्याने आणि घामाने तिला स्वतःचा एक रंग आला होता, फिकट पण आजारी नव्हे, आत थोडी गुलाबी, तिच्याखाली निळसर शिरेची कल्पना. थोरलीने बटण त्यावर ठेवलं. सातव्या बटणाला ते हातावर दिसेनासं झालं.

धाकटी उठून आली, तिने हात पाहिला, म्हणजे बाहुलीचा, आणि म्हणाली, "ताई, हे कसं जमवलंस?"

"अंदाजाने," थोरली म्हणाली.

तेव्हापासून अंदाजच. रंग करायच्या वेळी ती घड्याळ काढायची, पाठ सगळ्यांकडे करून खिडकीशी उभी राहायची, मग घड्याळ पुन्हा बांधायची. रंगाची बाटली बदलली, रेझिनचा डबा जुना निघाला, हवा दमट असली, तरी मनगट चुकत नसे. नऊ वर्षांपूर्वी काटे थांबले तेव्हा ते घड्याळ आपण वेळेसाठी बांधत नाही हे तिला कळलं, आणि तिचं तिलाच हसू आलं.

सगळं असंच चाललं असतं, पण एका प्रदर्शनात कुठल्याशा मोठ्या दुकानदाराने क्रमांक तीनची एक बाहुली पाहिली, ती तिथल्या तिथे विकली गेलेलीही पाहिली, आणि साठ बाहुल्यांची मागणी नोंदवली. वीस-वीसच्या तीन खेपा, वर्षभरात. कारखान्यात एवढं काम एकदम कधी आलं नव्हतं. आणि नेमकी थोरली तापाने पडली. दहा दिवस ती वरच्या खोलीत पांघरूण घेऊन आणि खाली साचे उघडे पडलेले. साचेवाला रोज येऊन फळ्या पुसायचा आणि जायचा.

अकराव्या दिवशी भाची वही घेऊन वर आली. धाकटीची ही एकुलती एक. हुशार, कामाला वाघ, आणि बोलायला तिच्या आईपेक्षा गोड. दोन वर्षांपासून कारखान्याचा व्यवहार तीच बघत होती. तिने शंभरावा हिस्सा ग्रॅम मोजणारा काटा आणला होता.

"मावशी, रागावू नकोस हं. पण उद्या तुला काही झालं तर?"

"तर बाहुल्या उघड्या पडतील, दुसरं काय."

"चेष्टा नको ना. क्रमांक तीन लिहून दे मला. किती थेंब, कशाचे, सगळं."

थोरलीने सांगितलं. खरं तेच सांगितलं. अर्ध्या किलोला पांढरे चौदा, पिवळे तीन, तांबडा दीड, तपकिरी दोन, निळा सुईभर. भाची लिहीत होती. शेवटी थोरली म्हणाली, "आणि मग बघायचं."

"काय बघायचं?"

"बरोबर झालाय का ते."

"कशावरून?"

थोरलीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "अंदाजाने गं," ती म्हणाली.

आता इथे थोरलीची बाजू घ्यायची म्हटली तरी खोटं बोलवत नाही. एवढं तिने राखलं. चेहरे धाकटीचे, सही धाकटीची, व्यवहार भाचीचा. तिचं असं मनगटावरचं तीन बोटं कातडं तेवढं होतं, आणि तेही वहीत लिहून द्यायचं म्हणजे आपण उरलो किती, असं तिला वाटलं. असं वाटणं काही गुन्हा नव्हे.

भाचीने वहीबरहुकूम रंग केला. काट्यावर मोजून, मापात चूक नाही. चार दिवसांनी थोरली भिंतीला धरत खाली आली तेव्हा टेबलावर पाच बाहुल्या ओळीने बसल्या होत्या आणि पाचही जणी नुकत्या गरम पाण्याने भाजल्यासारख्या लाल होत्या. साचेवाला त्यांच्याकडे पाठ करून साचा घासत होता. धाकटी टेबलाच्या टोकाला बसली होती. तिचा चेहरा बाहुल्यांहून लाल.

"ये ताई, बघ तुझा क्रमांक तीन."

"तांबड्याची बाटली नवीन दिसते," थोरली म्हणाली. "जुनीपेक्षा चढी असेल."

"बाटली नवीन, डबा जुना, हवा ओली. सगळं माहितीये तुला. फक्त सांगायचं तेवढं राहिलं." धाकटीने हातातली सुई टेबलावर टाकली. "पोरीने विश्वासाने विचारलं आणि तू हातचं राखून सांगितलंस. घरच्या माणसांशी! मी बहीण आहे का कोण आहे तुझी?"

'हातचं राखून' हा शब्द अगदी नेहमीचा होता. लोक दिवसातून दहादा म्हणतात. पण थोरलीला तो कानफटात बसला, कारण तो शब्दशः खरा होता. मग तिने सगळ्यांदेखत पट्ट्याचं बक्कल सोडलं, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि हात उताणा करून धाकटीपुढे धरला.

"हे राखलं होतं. एवढंच. घे."

कुणाला काही कळेना. थोरलीने कपाटावरच्या डब्यातून आजारपणाआधीचं, बरोबर जमलेलं एक बटण काढलं आणि त्या पट्टीवर ठेवलं. बटण दिसेनासं झालं. साचेवाला साचा हातात घेऊनच पुढे आला.

"आता कळलं सव्वाचारचं," तो हळूच म्हणाला. पुढे त्याने त्या घड्याळावर कधी विनोद केला नाही.

थोरलीने बावीस वर्षांत या घटकेची कितीतरी वेळा कल्पना केली होती. कधीतरी कळेल, मग धाकटी तिचा हात हातात घेईल, म्हणेल, म्हणजे माझ्या सगळ्या पोरी तुझ्या कातडीच्या आहेत! असं काहीतरी. धाकटीने हात घेतला खरा. उजेडात नेऊन उलटसुलट केला, भाजीवाल्याकडे दुधी बघावा तसा.

"बावीस वर्षं माझ्यापासून लपवलंस," ती म्हणाली.

भाचीला राग-लोभ सुचायला वेळ नव्हता. तिचे डोळे चमकले होते. "आई, अगं हे तर फारच सोपं झालं! मावशीच्या हाताचाच साचा काढू. मावशी तिच्या हाताने रंग जुळवेल, तो हात ओतायचा, झाला आपला कायमचा नमुना. मग दर वेळी बटण त्याच्यावर ठेवायचं. मावशीला त्रासच नाही."

कल्पना खरंच चांगली होती. वाईट एवढंच, की ती कुणालाच वाईट वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली कोपरापासून बोटांपर्यंत तेलकट मलम चोळून बसली. साचेवाल्याने कातडीला चालणारं रबर ओतलं. "हलू नका, ताई," तो म्हणाला. "दहा मिनिटं." ती हलली नाही. रबर सुटलं तसा त्याने साचा मिटवला, आणि थोरलीने रंग करायला घेतला. तिने तो रंग असा केला की तसा आयुष्यात केला नव्हता. तेरा बटणं. चौदावं जमलं. हात ओतला, पक्का केला, आणि टेबलावर तिच्या हाताशेजारी ठेवला तेव्हा भाचीने मुद्दाम साचेवाल्याला विचारलं, यातला मावशीचा कुठला? नखांवरच्या रेषा, करंगळीवरचा भाजल्याचा डाग, पट्ट्याचे काठ, सगळं उतरलं होतं.

"सुंदर!" धाकटी म्हणाली. ती मनापासून म्हणाली. मग तिने तो हात उचलला, उलटा केला आणि कोपराच्या कापलेल्या बाजूवर सुईने आपली सही कोरली.

सवयच ती. तिच्या ध्यानातही आलं नाही. थोरलीच्या मात्र आलं, आणि दोन दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

रेझिन उन्हाने पिवळं पडतं, हे गिऱ्हाइकांना छापील कागदावर कळवणारी माणसं ती. त्यांना कोण शिकवणार? भाचीने तो हात काळ्या कापडात गुंडाळला आणि खणात ठेवला. खण गरम कपाटाच्या बरोबर खाली होता. ऊन टाळलं, ऊब विसरली. गरम कपाट रोज तिथेच, त्याच्याखाली खण रोज तिथेच. डोळ्यांसमोरचं माणसाला दिसत नाही ते असं.

पुढच्या रविवारी त्यांनी थोरलीला आराम दिला. आराम दिला म्हणजे केक आणला, चार शब्द बोलले आणि एक डबी तिच्या हातात ठेवली. डबीत घड्याळ. नाजूक, सोनेरी, धाग्याएवढ्या साखळीचं.

"आता तरी चालू घड्याळ घाल, ताई," धाकटी म्हणाली आणि स्वतः तिच्या मनगटावर बांधलं. जुनं भाचीने उचललं. "हे कुबट झालंय गं," म्हणाली. फाटक्या साच्यांच्या टोपलीत ते पडल्याचा आवाज थोरलीने ऐकला. उचलून घ्यावं असं तिला वाटलं. पण चार माणसांत टोपलीत कोण वाकणार?

वरच्या खोलीला गच्ची होती. तिथे ती कुंड्या लावायला लागली. दिवस मोठे निघाले. पण एक गोष्ट ती करत राहिली: लांब बाह्यांचे सदरे घालायचे आणि डाव्या बाहीचं बटण लावून ठेवायचं. उकडलं तरी. माती कालवताना तिथे रुमाल गुंडाळायचा. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर सवय म्हणाली असती. खरं म्हणजे आशा होती. कधीतरी खालून हाक येईल, मावशी, जरा हात दाखव गं. लाज वाटावी इतकी आशा होती.

हाक आली नाही. पहिल्या वीस बाहुल्या गेल्या आणि हातोहात खपल्या. आठ महिन्यांनी थोरली जुन्या वर्तमानपत्रांसाठी खाली गेली, तर टेबलावर तिसऱ्या खेपेचे चेहरे मांडले होते. वीस चेहरे, डोळ्यांच्या जागी भोकं. ती दारातच थबकली.

"हे पिवळे झालेत," ती म्हणाली.

भाचीने हसून खणातून हात काढला, कापड सोडलं, एका चेहऱ्याशेजारी ठेवला. "बघ ना. एकच आहे."

एकच होता. थोरलीने आपला तिथे मांडलेला हात पाहिला. तो हात जुन्या कागदासारखा झाला होता. रोज बघणाऱ्याला एक दिवस आणि दुसरा दिवस यांत काय फरक दिसणार? हात रोज केसभर पिवळा होत गेला आणि बाहुल्या त्याच्यामागून निमूट गेल्या.

"हाच पिवळा झालाय," ती म्हणाली. तिने बाहीचं बटण काढलं, रुमाल सोडला, मनगट पुढे केलं. "याच्यावर ठेवून बघ. खिडकीशी चल."

"मावशी, तुझा हात माणसाचा आहे," भाची समजुतीच्या सुरात म्हणाली. "ताप येतो, वय होतं, रंग उतरतो. याला काय होणार आहे? काळ्या कापडात असतो."

"हात लावून बघ खणाला. गरम आहे."

"ताई," धाकटी मातीतून डोळे न काढता म्हणाली, म्हणजे समोरच्या मातीच्या चेहऱ्यातून, "तुला करमत नाही, मला कळतं. पण आमचं काम चांगलं चाललंय त्यात खुसपट काढू नकोस. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं."

साचेवाल्याने मान वर केली, थोरलीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. त्याचंही पोट त्याच कारखान्यावर होतं.

थोरली वर गेली. वर्तमानपत्रं खालीच राहिली. तिने गच्चीवर खुर्ची टाकली, डावी बाही कोपराच्या वर दुमडली आणि हात कठड्यावर उन्हात उताणा ठेवला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि मग रोज. ती रडली वगैरे नाही. संताप एवढा होता की रडायला जागाच नव्हती. दोन महिन्यांत पट्टी तांबूस झाली, चार महिन्यांत हातात विरून गेली.

त्यानंतर महिन्याभराने धाकटी जिना चढून वर आली. तिच्या हातात खोकं होतं. ती वर्षभरात या खोलीत आली नव्हती; तिने कुंड्यांकडे पाहिलं. "छान लावल्यास," ती म्हणाली आणि खोकं खाटेवर ठेवलं.

"परत आल्या?"

"चाळीसच्या चाळीस." धाकटीने झाकण काढलं. आतली बाहुली कागदात निजली होती, सुरेख चेहऱ्याची आणि महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारख्या रंगाची. "दुकानदार म्हणतो, पहिल्या वीस पाहिल्या म्हणून पुढच्या घेतल्या, आणि या त्या नव्हेत. लोक विचारतात म्हणे, ही आजारी का दिसते? चेहऱ्याबद्दल बोलतात गं. माझ्या चेहऱ्याबद्दल! दोन महिन्यांत बदलून द्या, नाही तर परत तोंड दाखवू नका म्हणाला."

"मग जुळवा."

"कशाला जुळवू? तो हात बाद झाला. तू म्हणालीस तेच." हे म्हणताना तिने जमिनीकडे पाहिलं. "डब्यातली जुनी बटणंही कधीच पिवळी पडली. ओळखीच्या लोकांकडून जुन्या बाहुल्या आणून बघितल्या. एकीचा रंग दुसरीला नाही. कुणी दिव्याखाली ठेवली, कुणी खिडकीत. पहिल्या वीसमधली एक मागवली, तीही वेगळीच. पोरगी आठ दिवस बटणं काढतेय. ताई, तू चल खाली."

"पिवळं आहे एवढं मला नुसत्या डोळ्यांनी कळतं. किती नको ते हातावर ठेवल्याशिवाय नाही कळत. तुला काय वाटलं, मी जादू करत होते?"

"म्हणून तर म्हणते, चल. हात घेऊन चल." आणि मग धाकटी ते वाक्य बोलली. थोरलीच्या शेजारी खाटेवर बसून, तिचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बोलली. "मला तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझ्या सगळ्या पोरी तुझ्या कातडीच्या होत्या, ताई. तो रंग तुझा होता."

शब्द जवळजवळ तेच होते. थोरलीने बावीस वर्षं मनात घोकलेले. ते ऐकून तिला काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

धाकटीने सोनेरी घड्याळ बाजूला सारलं. मनगट कोपरापर्यंत एकाच रंगाचं होतं, कुंड्यांच्या मातीसारखं. फक्त साखळीच्या जागी एक दोऱ्याएवढी पांढरी रेघ होती.

"हे काय?"

"ऊन."

"पट्टी कुठंय?"

"तुम्ही दिलेल्या घड्याळाने राखली तेवढी राखली. ती रेघ बघ."

धाकटीने रेघेवर बोट फिरवलं. बटण नाण्याएवढं असतं. "दंडावर असेल की तसाच रंग," ती घाईने म्हणाली. "उन्हात नसतो तो."

"दंडाचा दंडाला असतो. त्या जागेवर तीस वर्षं चामडं होतं."

"मग परत बांध पट्टा! वर्ष लागू दे. दुकानदाराच्या पाया पडते मी."

"बांधते की. आण माझं घड्याळ."

साच्यांच्या टोपल्या दर महिन्याला कचऱ्यात जात. खालून गरम कपाटाची घरघर येत होती. धाकटी बोलली तेव्हा तिचा आवाज लहानपणचा होता, पाटी फुटल्यावर ताईकडे यायची तेव्हाचा.

"ताई, तू काहीतरी राखलं असशील. एखादं बटण, एखादी चिठ्ठी. तू राखतेसच. मला माहितीये तुझा स्वभाव. सांग ना."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. एखादं खोटं बोलून तिला जिना उतरवता आलं असतं. तेवढी माया अजून होती. "राखलं होतं," ती म्हणाली. "आठ महिने बाहीचं बटण लावून राखलं होतं. तू कावीळ म्हणालीस त्या दिवशी सोडलं."

"चाळीस बाहुल्या आहेत गं. प्रत्येकीवर माझी सही आहे."

"हो," थोरली म्हणाली. "तुझीच आहे."

धाकटी उठली. बाहुलीवर कागद टाकला, झाकण लावलं, ते नीट बसेना म्हणून दोनदा दाबलं. दाराशी जाऊन थांबली. "पोरगी खाली वाट बघतेय," ती म्हणाली. "तिला काय सांगू?"

थोरलीने बाही खाली ओढली आणि कुंडीतल्या मातीत हात घातला.

"सांग, मावशीने या वेळी हातचं काही राखलं नाही."